विस्तवाची वाटणी

रोज सकाळी भट्टीचं दार उघडण्याआधी ओमुरझाक दवाखान्याच्या बोळातून पार शेवटपर्यंत चालत जायचा आणि बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावून उभा राहायचा. तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं, तसा. आत तो कधी जात नसे. पुरुषमाणसाचं तिथे काय काम. भिंतीने काय ते सांगितलं की तो एकदा खाकरायचा. आत असलेल्या साबिराला कळायचं, आबा येऊन गेले. मग तो जिना उतरून तळघरात आपल्या भट्टीकडे जायचा.

साबिरा त्या खोलीतली सुईण. शहरात शिकली, लग्न होऊन या अक्केचू गावात आली आणि इथेच नोकरीला लागली. ओमुरझाक तिच्या सासरच्या भावकीतला, वयाने थोर. त्यामुळे त्याचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नाही. गावात आबा पुष्कळ, म्हणून ती 'भट्टीचे आबा' म्हणायची. तो तिला सूनबाई म्हणायचा आणि सहसा त्यापुढे काही बोलायचा नाही.

दवाखाना दुमजली होता, गावाच्या मानाने अवाढव्य. सामूहिक शेतीच्या काळात सरकारने विटा दिल्या आणि गावाने अशार करून तो उभा केला. अशारात सगळं गाव मजुरी न घेता राबतं. कुणाच्या आज्याने दगड वाहिले होते, कुणाच्या आजीने माती तुडवली होती. मग देशच बदलला. रशियन सर्जन आपल्या मुलुखाला गेला, त्याच्यामागून दातांची डॉक्टरीण गेली, मग एकेक खोली रिकामी होत गेली. रोग्याने गोधडी घरून आणायची, सुई बाजारातून आणायची, जेवण बायकोने आणायचं. दवाखान्याचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच: थोडे डॉक्टर, साबिराची खोली आणि ओमुरझाकची भट्टी.

भट्टी मात्र जशी होती तशीच चालू होती. तिचे गरम पाण्याचे नळ आधी सर्जनच्या रिकाम्या खोलीतून जायचे, मग जिथे काही शिजत नव्हतं त्या स्वयंपाकघरातून, मग कुलूपबंद वॉर्डांमधून, आणि इतक्या सगळ्यांना ऊब वाटून झाल्यावर बाळंतिणीच्या खोलीत कोमट होऊन पोचायचे. ती एक खोली ऊबदार राहावी म्हणून ओमुरझाक सगळी इमारत तापवायचा. दवाखान्याला वरून जे काही पैसे यायचे, त्यातले बहुतेक कोळशातच जायचे. थंडीत गावातले सगळे कावळे त्याच्या धुराड्याभोवती बसायला यायचे, आणि शेजारी त्याला चिडवायचे की आबा, तुम्ही कावळ्यांचा उन्हाळा सांभाळताय. तो म्हणायचा, कावळे निदान घाण करून जातात, तुम्ही तर नुसतेच बोलून जाता.

त्याची बायको कालिपा याच दवाखान्यात वारली होती. साबिरा गावात येण्याआधीची ती गोष्ट. तेव्हापासून ओमुरझाक भट्टीमागच्या खोलीतच राहायचा. घर पुतण्याला देऊन टाकलं होतं. कालिपाबद्दल तो बोलत नसे आणि कुणी विचारत नसे.

त्या शरद ऋतूत जिल्ह्याहून मेदेरबेक नावाचा तरुण अधिकारी आला. सरळ माणूस होता. जीपमधून उतरला तो आधी सगळ्या रिकाम्या खोल्या हिंडून आला, आणि मग शाळेच्या मोठ्या वर्गात गावासमोर उभा राहिला. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं: देशभर दवाखान्यांची नवी घडी बसते आहे. मोठी इमारत बंद करायची. अंगणाच्या कडेला साथीच्या रोग्यांसाठी बांधलेलं जाड भिंतींचं बैठं घर आहे, तिथे तपासणीची खोली आणि बाळंतिणीची खोली हलवायची. कोळशाचं जे वाचेल ते औषधांना. बाळंतपण फुकट, औषधासकट. गावाला हे नको असेल तर बाळंतिणीची खोलीही ठेवता येणार नाही, बायकांनी खिंडीपलीकडे जिल्ह्याला जायचं.

साबिरा मागच्या बाकावर बसली होती. खिंड हिवाळ्यात किती दिवस बंद असते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बर्फात अडकलेल्या गाडीत पोट घट्ट धरून बसलेली बाई एकट्या तिच्या डोळ्यांसमोर आली, कारण तशी एक तिने पाहिली होती.

म्हातारे ऐकत होते. पटत नव्हतं तरी ऐकत होते. मग मेदेरबेक म्हणाला, "भट्टी पहिल्या बर्फाआधी विझवून टाकू."

त्या मुलुखात भांडण अगदी टोकाला गेलं की माणूस शत्रूला म्हणतो, तुझ्या घरचा विस्तव विझो. त्याहून पुढे शिवी नाही. आणि हा पोरगा, शहरात गॅसवर वाढलेला, गावाच्या बापजाद्यांनी पेटवलेला विस्तव हाताने विझवायला सांगत होता. सगळ्यांत वयस्कर कासिमाली उठला, गुडघे झटकले आणि बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. कुणी तळवे वर केले नाहीत, कुणी आशीर्वाद म्हटला नाही. आशीर्वादाशिवाय उठलेली बैठक झालीच नाही असं धरतात.

"म्हणजे हो की नाही?" मेदेरबेकने साबिराला विचारलं.

"सगळे चहा वाट्यांत तसाच टाकून गेलेत," ती म्हणाली. "म्हणजे नाही."

त्याने आठवड्याने परत एकदा येतो म्हणून सांगितलं. त्यानंतर कागद वर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी साबिरा तळघरात उतरली. आजवर ती तिथे क्वचितच गेली होती. भट्टीच्या उजेडात ओमुरझाक फावड्यावर टेकून उभा होता. ज्याची भाकरी आणि निवारा दोन्ही त्या भट्टीत आहे, त्यालाच आपण काय मागायला आलो आहोत हे तिला ठाऊक होतं. तरी ती बोलली. म्हणाली, आबा, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, बाकी कुणाचं ऐकायचे नाहीत.

"मी सांगू? भट्टीवाल्याने?"

ती तिथेच उभी राहिली. ओमुरझाकने दोन फावडी कोळसा आत टाकला, दार लावलं, आणि विचारलं, "त्या बैठ्या घराचं धुराडं कुणी पाहिलंय का?"

"नाही."

"मग धूर खोलीतच यायचा. बाळंतिणीला खोकला लागेल."

एवढंच. साबिरा वर आली तेव्हा तिला कळेना, हा नकार होता की आणखी काही.

त्यानंतर तो रोज दुपारी बैठ्या घरात दिसायला लागला. धुराड्यातून कावळ्याची जुनी घरटी काढली, चुलीच्या विटा उतरवल्या, नदीवरून चिकणमाती आणली, तिच्यात घोड्याचे केस मळले आणि चूल नव्याने घातली. भिंतीतली चूल. तिचं तोंड त्याने खोलीकडून फिरवून बाहेरच्या बोळात काढलं, म्हणजे विस्तव घालणाऱ्याला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकावं लागणार नाही. गावाला वाटलं, नोकरी जाणार म्हणून म्हातारा स्वतःची सोय करतोय. दुकानदारीण त्याला ऐकवायची, "आबा, नवं घर सारवताय. नवरीही ठरली का?"

"ठरली," तो म्हणायचा. "पण तिला तुझ्यासारखी जीभ नको म्हणून अडलंय."

मेदेरबेक परत आला तेव्हा वर्ग पहिल्यापेक्षा भरला होता. नाही म्हणायला माणसं अधिक उत्साहाने येतात. कासिमालीने काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली होती. मेदेरबेकने पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी सांभाळून. तेव्हा दाराजवळ उभा असलेला ओमुरझाक पुढे आला. कोळशाने काळे झालेले हात त्याने पाठीमागे धरले होते, मुलगी पाहायला आलेल्या पोरासारखे, आणि गावच्या बैठकीत तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता.

"कालिपा गेली ते वर्ष तुम्हाला आठवत असेल," तो म्हणाला. "छातीत कफ झाला होता. त्या आठवड्यात कोळशाची गाडी आली. औषधाची नाही आली. मला दुसरं काय येतंय? मी भट्टी अशी पेटवली की नळाला हात लावता येईना. तिने गोधडी लाथेने काढली. म्हणाली, उकडतंय रे, जरा कमी कर. डॉक्टर कपाट उघडून उभा होता. कपाटात काही नव्हतं. त्या कपाटाचा घास मीच रोज भट्टीत घालत होतो, हे मला फार उशिरा कळलं."

साबिराने खाली पाहिलं. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी त्या भट्टीचं दार उघडत होता. हे ठाऊक असून. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. असा काटा तिला आजवर फक्त एकदाच आला होता, पहिल्यांदा एका बाळाचं डोकं तिच्या तळहातात उतरलं तेव्हा.

कासिमालीने काठी जमिनीवर टेकली. मग म्हणाला, "तू सांगतोस ते खरं, पोरा." साठी ओलांडलेला ओमुरझाक त्याच्या लेखी पोरच. "पण विझवणार कोण? तुझा हात? माझा? त्या भट्टीत पहिलं लाकूड माझ्या बापाने घातलं होतं."

"कुणीच नाही विझवायची. तुमचा थोरला वेगळा झाला तेव्हा त्याला काय दिलंत?"

"काय द्यायचं असतं ते दिलं. मेंढ्या दिल्या, घोडी दिली, तंबू दिला."

"आणि म्हातारीने?"

बायकांच्या बाजूने कासिमालीच्या म्हातारीचाच आवाज आला, की मी माझ्या चुलीतले निखारे दिले होते, हे विसरले असतील.

"त्याने तुमची चूल विझली का?" ओमुरझाकने विचारलं. "दवाखान्याचीही वाटणी करू. विस्तव बैठ्या घरात जाईल. थोरली भट्टी आपल्या मरणाने जाईल. त्यात कुणाचा हात नाही."

मेदेरबेक साबिराकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "हे हो आहे का?"

"आधी तळवे वर होऊ देत," ती म्हणाली.

"आणि तू कुठे झोपणार?" कासिमालीने विचारलं.

"भट्टीच्या कडेला झोपायची सवय आहे. लहान चूल, लहान घोरणं."

कोणीतरी हसलं, आणि मग सगळा वर्ग हसला. कासिमालीने काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे समोर उघडले. वर्गातले सगळे हात उघडले गेले. म्हातारा म्हणाला, विस्तव जिथे जाईल तिथे त्याला लेकरं मिळोत, आणि मागे राहिलेल्यांना त्याची ऊब पुरो. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

वाटणीच्या दिवशी सकाळी अंगणात कोवळा बर्फ पडला होता. ओमुरझाकने कुणालाही वेळ सांगितली नव्हती, तरी गाव जमलं होतं. तळघरात साबिरा त्याच्या मागे उभी होती. त्याने लोखंडी बादलीच्या तळाला राख अंथरली, भट्टीतून लालभडक निखारे फावड्याने निवडून निवडून घेतले, आईने मोठ्या भांड्यातून पहिलं जेवण वाढून घ्यावं तसे, आणि वरून पुन्हा राखेचा थर घातला. कडीला लोकरीच्या जाड नमद्याचा तुकडा गुंडाळला. जिन्याशी एका तरण्याबांड माणसाने हात पुढे केला. ओमुरझाकने खांदा फिरवला.

मग तो अंगणातून चालत निघाला. भराभर गेला असता तर वाऱ्याने निखारे भडकून संपले असते. रेंगाळला असता तर निवले असते. त्याची चाल त्या विस्तवाने ठरवली होती. माणसं वाट देत मागे सरत होती. पायाखालचा बर्फ करकरत होता, बाकी कसलाच आवाज नव्हता. एक ठिणगी राखेतून निसटून बर्फावर पडली आणि तिथे बोटभर वाफ उठली. गावातल्या पोरांना गप्प बसवायला एरवी किती ओरडावं लागतं, ती पोरं श्वास धरून उभी होती. समोर डोंगर होते, नेहमीचे, पांढरे, आभाळात घुसलेले. साबिराने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. आपण काहीतरी प्रचंड पाहतो आहोत असं तिला वाटत होतं, आणि ते एका बादलीत मावत होतं.

बैठ्या घराच्या बोळात त्याने गुडघे टेकले आणि निखारे नव्या चुलीत ओतले. कासिमालीच्या म्हातारीने पुढे येऊन मेंढीच्या चरबीचा तुकडा आत टाकला. ज्योत उसळली. बाहेर कोणीतरी म्हणालं, धूर आला. सगळ्यांनी वर पाहिलं. धुराड्यातून सरळ, न वाकता, पहिला धूर चढत होता.

लोक चहाला बसले. ओमुरझाक बसला नाही. तो परत तळघरात गेला. दुपारी साबिरा त्याच्यासाठी रस्सा घेऊन उतरली तेव्हा तो मोठ्या भट्टीसमोर दार उघडं ठेवून बसला होता. कोळशाचा ढीग हाताशी होता आणि त्याने एक खडाही आत टाकला नव्हता. त्याने वाटी घेतली, पण प्यायला नाही. तिने वर चला म्हटलं.

"जातेय ती," तो म्हणाला. "जवळ कुणी असावं."

सूर्य खिंडीआड जायच्या थोडं आधी तो वर आला आणि बर्फाने हात धुतले.

त्या हिवाळ्यात खिंड लवकर बंद झाली. बाळंतपणाला आलेली एलनुरा नदीकाठच्या मेंढपाळाची बायको होती, पहिलटकरीण. मुलगी व्यवस्थित झाली, रडली. मग आईचं रक्त थांबेना. साबिराने असं पूर्वी पाहिलं होतं. पूर्वी अशा वेळी नवऱ्याला घोड्यावर बसवून गावभर पाठवायचं, कुणाच्या घरी एखादं इंजेक्शन उरलंय का ते विचारायला, आणि तोवर दोन्ही मुठींनी पोट दाबून धरायचं. तिचा एक हात अजून एलनुराच्या पोटावर होता. दुसरा सवयीने दाराकडे, हाक मारायला उठला होता, आणि मधेच तिच्या लक्षात आलं. तिने तो कपाटाकडे वळवला. कपाटात इंजेक्शन होतं. कुपी घाईने फोडताना काच तिच्या बोटाला लागली.

रक्त हळूहळू थांबलं. एलनुराच्या ओठांवर रंग आला आणि तिने पहिली तक्रार केली, की मुलगी सासूवर गेली आहे.

बोळातून, चुलीच्या तोंडापाशी बसलेल्या ओमुरझाकचा आवाज आला, "ऊब पुरतेय का?"

"पुरतेय, आबा," साबिरा म्हणाली.

सगळं आवरल्यावर ती बाहेर आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "आबा, आज कपाटात होतं."

ओमुरझाक निखारे सळईने हलवत राहिला. मग उठला आणि कोळसा आणायला म्हणून बाहेर गेला. कोळशाची पेटी काठोकाठ भरलेली होती. तो खूप वेळ परतला नाही, आणि साबिरा त्याला बघायला गेली नाही.

पुढच्या वर्षांत सगळंच सुरळीत झालं असं नाही. मेदेरबेकची बदली झाली, त्याच्या जागी आलेल्याला गाव नकाशात शोधावं लागलं. कधी औषधं उशिरा आली. तेव्हा ओमुरझाक दुधाच्या गाडीतून जिल्ह्याला जायचा आणि कचेरीच्या दारात बसून राहायचा. भांडायचा नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्याला ओलांडून जावं लागायचं, आणि शेवटी कोणीतरी खोका बाहेर आणून द्यायचं. मोठ्या इमारतीच्या विटा हळूहळू गोठ्यांना लागल्या. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या पांढऱ्या फरशीवर कुणाची तरी गाय उभी राहायला लागली, आणि आपल्या गायीला अक्केचूत सर्वांत स्वच्छ गोठा आहे असं तिचा मालक सांगायचा. भट्टीवाल्याची जागा कागदावरून केव्हाच पुसली गेली होती. तरी गावात मेंढी कापली की एक वाटा बैठ्या घराच्या बोळात पोचायचा, आणि चूल कधी थंड झाली नाही.

तो वारला ती वसंताची सकाळ होती, घोड्यांना शिंगरं होतात त्या दिवसांतली. दुपारी उठवायला गेले तेव्हा तो चुलीच्या कडेला, आपल्या गोधडीवर, कुशीवर निजला होता, आणि उठला नाही. त्याआधी, सकाळची उन्हं आत आली तेव्हा, बाळंतिणीच्या खोलीत नुकतंच एक मूल झालं होतं. बाळंतिणीच्या सासरच्या बायका बोळात गोळा होऊन मोठमोठ्याने नाव ठरवत होत्या. साबिराने तिकडच्या रिवाजाने मीठ घालून दुधाचा चहा केला आणि पहिली वाटी ओमुरझाकला दिली. त्याने मुलगा की मुलगी विचारलं नाही, कधीच विचारायचा नाही. दोन घोट घेतले, वाटीत पाहिलं आणि म्हणाला, "मीठ कमी पडलंय, सूनबाई."